घरातील ज्येष्ठांचा आरोग्य विमा: नाव कधी, कुठे आणि कसे नोंदवावे?

रात्री अब्बांच्या छातीत दुखू लागते. रिक्षा करून दवाखाना गाठला जातो. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘कार्ड आहे का?’ मग घरी फोन, कपाटातल्या पिशव्या उलट्यापालट्या, आधार एका मुलाकडे, रेशन कार्ड दुसऱ्याकडे, आणि ओटीपी जातो कुवेतला असलेल्या तिसऱ्याच्या मोबाईलवर. पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, मनोर, कुडूस या आपल्या पट्ट्यात अशी घरे शोधावी लागत नाहीत.

ज्येष्ठांसाठी आज चार वेगवेगळ्या सोयी आहेत. अडचण अशी की प्रत्येकीत नाव घालण्याची वेळ आणि अट वेगळी आहे. एक सोय ७० वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. दुसरी रेशन कार्डावर चालते. तिसरी दरवर्षी नव्याने पैसे भरले तरच टिकते. चौथी, म्हणजे खासगी पॉलिसी, तब्येत बरी असतानाच घ्यावी लागते. आपल्या घरातील कोण कुठे बसतो, हे समजावे म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे. वाचून झाल्यावर जपून ठेवा.

थोडक्यात चार सोयी

• आयुष्मान वय वंदना कार्ड: वय ७० किंवा जास्त, उत्पन्नाची अट नाही, पैसे भरायचे नाहीत.
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: महाराष्ट्रातील कुटुंब, कोणत्याही रंगाचे रेशन कार्ड, वयाची अट नाही.
• ईएसआयसीची निवृत्त कामगारांसाठीची सोय: कारखान्यातून निवृत्त झालेला विमाधारक आणि त्याची पत्नी (किंवा तिचा पती), वर्षाला १२० रुपये.
• खासगी कंपनीची पॉलिसी किंवा सुपर टॉप-अप: वयाची वरची मर्यादा आता नाही, पण जुन्या आजाराला थांबावे लागते.

१. सत्तरी पूर्ण झाली असेल तर: वय वंदना कार्ड

केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तेव्हा ती ठराविक गरीब कुटुंबांसाठीच होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यापुढील सर्व नागरिकांना ती खुली झाली. घर पक्के आहे, मुलगा परदेशात कमावतो, पांढरे रेशन कार्ड आहे, अशा कारणांनी नाव नाकारता येत नाही. फक्त वय पाहिले जाते.

किती रक्कम? वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा दाखल होऊन घेतलेला उपचार. ही रक्कम माणशी नसून कुटुंबासाठी आहे. घरात अब्बा ७५ आणि अम्मी ७१ असतील, तर दोघांत मिळून ५ लाख.

‘आमच्या कुटुंबाचे आयुष्मान कार्ड आधीच आहे, मग काय?’ हा प्रश्न बरेच जण विचारतात. अशा कुटुंबातील सत्तरीपुढील माणसांना जादा ५ लाखांचे संरक्षण मिळते. ते फक्त त्यांचे असते. सत्तरीच्या आतल्या मुला-सुनांना त्यातून खर्च करता येत नाही. पण हे आपोआप होत नाही. जुने कार्ड असले तरी वय वंदनासाठी पुन्हा नोंदणी आणि नव्याने ई-केवायसी करावी लागते. जुने कार्ड खिशात आहे म्हणून अनेक जण हे करतच नाहीत, आणि जादा रक्कम कागदावरच राहते.

जुने आजार? शुगर, बीपी, हृदयविकार, किडनी, काही असले तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. थांबण्याचा काळ नाही.

पत्नी सत्तरीच्या आत असेल तर? इथे सर्वात जास्त गैरसमज होतो. नवरा ७२ चा आणि पत्नी ६४ ची असेल, तर कार्ड फक्त नवऱ्याचे होते. त्याच्या कार्डावर पत्नीचा उपचार होत नाही. तिच्यासाठी पुढे दिलेली महात्मा फुले योजना पाहावी लागते. आपल्याकडे नवरा-बायकोच्या वयात सहा-आठ वर्षांचे अंतर सर्रास असते. त्यामुळे ‘अब्बांचे कार्ड झाले, काम झाले’ असे समजू नका.

दुसरी सरकारी सोय असेल तर? सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा आयुष्मान सीएपीएफ यांचा लाभ घेणाऱ्यांना एकच निवडावे लागते, जुनी योजना किंवा वय वंदना. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना आपापल्या खात्याची वैद्यकीय सोय असते. त्यांनी आधार हातात घेऊन नोंदणीला बसण्याआधी आपल्या पेन्शनच्या कार्यालयात विचारून घ्यावे. अनेकदा खात्याची सोय जास्त व्यापक असते, कारण तिच्यात रोजची औषधेही मिळतात. ती सोडून देण्याचा निर्णय घाईत करू नये.

खासगी पॉलिसी किंवा ईएसआयसी असेल तर मात्र निवड करावी लागत नाही. ते ठेवून वय वंदना कार्डही काढता येते.

नोंदणी कशी करायची?

• कागद एकच लागतो, आधार. वय आणि राज्य दोन्ही त्यावरूनच ठरते.
• मोबाईलवर आयुष्मान ॲप उतरवून घरीच नोंदणी होते. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या लाभार्थी पोर्टलवरही होते.
• जमत नसेल तर संलग्न रुग्णालयात किंवा ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रात जा. गावातल्या आशाताईंनाही विचारा.
• ओळख पटवण्याचे चार मार्ग आहेत: ओटीपी, बोटाचा ठसा, डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा.
• नोंदणीला शेवटची तारीख नाही. ज्या दिवशी सत्तर पूर्ण होतील, त्या दिवसापासून कधीही करता येते.
• कार्डासाठी विमा हप्ता नाही. ‘पाचशे द्या, कार्ड काढून देतो’ असे कोणी म्हणाले तर नाही म्हणा. फोनवर कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका.
• मदतीसाठी टोल फ्री क्रमांक १४५५५.

आधारमध्ये अडकणाऱ्या तीन गोष्टी

पहिली, जन्मतारीख. आपल्या बुजुर्गांपैकी अनेकांच्या दाखल्यावर शाळेत लिहिलेली १ जून असते, किंवा आधार काढताना अंदाजाने टाकलेले साल. खरे वय ७३ पण आधारवर ६८ असेल, तर योजनेच्या दृष्टीने ते ६८ चेच आहेत. आधारवरील जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते आणि त्याला पुरावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, जन्म दाखला यातले काय हाती आहे ते आधी पाहा. हज किंवा उमराहसाठी काढलेला पासपोर्ट इथे उपयोगी पडू शकतो. मात्र पासपोर्टवरही तेच चुकीचे साल नाही ना, हे तपासूनच अर्ज करा.

दुसरी, मोबाईल. आधारला जोडलेला नंबर परदेशातील मुलाचा किंवा बंद पडलेला असेल, तर ओटीपी मिळणार नाही. आधार केंद्रात जाऊन घरात रोज हाताशी असलेला नंबर जोडून घ्या. तोवर चेहऱ्याने किंवा ठशाने नोंदणी करता येते.

तिसरी, बोटांचे ठसे. जाळी ओढणाऱ्या, गवंडीकाम केलेल्या, घरकामाने हात झिजलेल्या माणसांचे ठसे मशीन घेत नाही. तिथे वाद घालण्यापेक्षा ‘चेहऱ्याने करा’ किंवा ‘डोळ्यांनी करा’ असे केंद्र चालकाला स्पष्ट सांगा.

२. साठ ते सत्तर: रेशन कार्डाचे वय

साठी उलटली, सत्तरी आली नाही, नोकरी संपली, मुलाच्या पॉलिसीत नाव नाही. ही दहा वर्षे सर्वात उघडी असतात. गुडघे, हृदय, किडनी याच काळात बोलू लागतात. इथे महाराष्ट्र शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हा मोठा आधार आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दोन मोठे बदल केले. कुटुंबाची वार्षिक मर्यादा दीड लाखावरून ५ लाख झाली, आणि पिवळे, केशरी याबरोबर पांढरे रेशन कार्ड असलेल्यांनाही योजना खुली झाली. प्रत्यक्षात हे वाढीव संरक्षण १ जुलै २०२४ पासून लागू झाले.

या योजनेत आधी जाऊन नाव नोंदवावे लागत नाही, हप्ता नाही. दाखल होताना वैध रेशन कार्ड आणि फोटो असलेले ओळखपत्र दाखवले की ओळख पटवली जाते. म्हणून इथली खरी नोंदणी रेशन कार्डावर होते. अडते ते तिथेच.

एक नेहमीचे उदाहरण घ्या. वडील वारले. आई गावच्या घरातून बोईसरला धाकट्या मुलाकडे राहायला आली. गावच्या कार्डावरून तिचे नाव कमी झाले, पण बोईसरच्या कार्डावर चढवायचे राहून गेले. वर्षे गेली, धान्य नको होते म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. ऑपरेशनच्या दिवशी कळते की आई कुठल्याच कार्डावर नाही. तेव्हा घरातील प्रत्येक बुजुर्गाचे, विशेषतः विधवा आई, आत्या, खाला, यांचे नाव कुठल्या कार्डावर आहे ते आज पाहा. धान्य घ्या किंवा घेऊ नका, नाव हवे.

रेशन कार्डात नाव चढवणे, कमी करणे, दुरुस्ती करणे ही कामे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होतात. त्यासाठी कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात फेरी मारायची गरज नाही. जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला घेतल्याशिवाय नवीन कार्डावर नाव चढत नाही, म्हणून आधी तो मिळवा. रेशन कार्डच नसेल, तर अधिवासाच्या पुराव्यावर लाभ देण्याची तरतूदही त्या शासन निर्णयात आहे.

नावांचे स्पेलिंग हा आपल्या समाजातला कायमचा त्रास. एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘मो.’, कुठे ‘शेख’ पुढे, कुठे मागे. बायकांच्या नावापुढे कधी ‘बी’, कधी ‘बानो’, कधी वडिलांचे नाव तर कधी नवऱ्याचे. आधार आणि रेशन कार्डावरील नाव एकसारखे करून घ्या. कोणत्या कागदाप्रमाणे दुसरा दुरुस्त करायचा, हे ठरवताना आधारच पाया धरा, कारण पुढची प्रत्येक ओळख त्यावरूनच पटवली जाते.

योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे. जवळचे संलग्न रुग्णालय कोणते, तिथे आपला आजार बसतो का, हे फोनवर विचारता येते.

हद्दीजवळचा प्रश्न: डहाणू, तलासरीकडचे लोक मुंबईपेक्षा वापी, वलसाड, सिल्वासा गाठणे सोपे समजतात. आयुष्मान कार्ड देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. महात्मा फुले योजनेचा लाभ मात्र तिच्या स्वतःच्या यादीतील रुग्णालयांतच मिळतो. गुजरातकडे जायचे असेल, तर ‘तिथे आयुष्मान चालते का आणि या आजारासाठी चालते का’ हे दोन्ही विचारूनच निघा.

३. तारापूर एमआयडीसीतून निवृत्त झालात? ईएसआयसी विसरू नका

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांच्या पगारातून ईएसआयसीची वर्गणी कापली गेलेली असते. निवृत्तीच्या दिवशी अनेक जण समजतात की कार्ड संपले. तसे नाही.

विमायोग्य नोकरीत किमान पाच वर्षे असलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला, किंवा त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर त्याला आणि त्याच्या पत्नीला ईएसआयसीची वैद्यकीय सोय पुढे चालू ठेवता येते. त्यासाठी महिन्याला १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये एकरकमी आगाऊ भरायचे. ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात निवृत्तीचा आणि विमा क्रमांकाचा पुरावा देऊन अर्ज करायचा. कामगार वारला, तर त्याची पत्नी पैसे भरलेल्या काळापर्यंत लाभ घेऊ शकते आणि पुढेही वर्गणी भरून सोय चालू ठेवू शकते. ही गोष्ट अनेक बेवा बहिणींना कोणी सांगितलेलीच नसते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही सोय दरवर्षी नूतनीकरण केली तरच चालू राहते. रमजान, शाळेची फी किंवा घराचा कर, जी तारीख घरात पक्की लक्षात राहते तिच्याशी हे १२० रुपये बांधून टाका. दोन, इथे दवाखान्यातील रोजची औषधेही मिळतात. वय वंदना किंवा महात्मा फुले योजनेत दाखल न होता घेतलेली रोजची गोळी मिळत नाही. शुगर-बीपीच्या माणसाला दर महिन्याचा खर्च हाच असतो, म्हणून ही सोय छोटी समजू नका.

पगार मर्यादेपेक्षा वाढल्यामुळे काही कामगार निवृत्तीआधीच ईएसआयसीतून बाहेर पडले. सध्याची मर्यादा २१,००० रुपये आहे आणि ती जानेवारी २०१७ पासून लागू आहे. अशांपैकी काही निवृत्तांना सवलत देण्याचा निर्णय महामंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केला. तुमचे असे झाले असेल तर जुना विमा क्रमांक घेऊन शाखा कार्यालयात चौकशी जरूर करा. कंत्राटी कामगारांनी तर निवृत्तीची वाट न पाहता आपल्या नावे वर्गणी खरेच भरली जाते का, हे आजच तपासावे.

४. खासगी पॉलिसी: बरे असताना घ्यायची गोष्ट

सरकारी योजनांत आजारी पडल्यावरही प्रवेश मिळू शकतो. खासगीत तसे नाही. बायपास झाल्यावर पॉलिसी मागायला गेलात, तर कंपनी नाकारू शकते किंवा हप्ता खूप वाढवू शकते.

नियम काय सांगतात?

• वय: विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांची प्रवेश मर्यादा काढली. कंपन्यांनी सर्व वयाच्या लोकांसाठी पॉलिसी ठेवायची आहे. पण प्रत्येक अर्ज मंजूर केलाच पाहिजे, असा याचा अर्थ नाही. तपासणीनंतर कंपनी ठरवते.
• पहिले ३० दिवस: अपघात सोडून बाकी आजारांना संरक्षण नसते.
• जुने आजार: पॉलिसी घेताना असलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागते. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदल अशा काही ठरलेल्या उपचारांनाही वेगळा थांबण्याचा काळ असतो.
• हप्त्याची वाढ: ६० वर्षे व पुढील लोकांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. हा नियम जानेवारी २०२५ पासून आहे.
• जीएसटी: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी नाही. त्याआधी १८ टक्के होता.
• परत करण्याची मुदत: पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते.

थांबण्याच्या काळाचा हिशेब मांडून पाहा. शुगर असलेल्या अम्मीची पॉलिसी ६१ व्या वर्षी घेतली, तर ६४ पर्यंत सर्व खुले होते. ६७ व्या वर्षी घेतली, तर ७० उजाडते, आणि तोवर वय वंदना कार्ड मिळतेच. म्हणून सत्तरीजवळ आलेल्या माणसासाठी मोठा हप्ता भरण्याआधी हा हिशेब जरूर करा. साठीच्या आसपास, तब्येत बरी असलेल्यांना मात्र याचा खरा उपयोग आहे.

फॉर्म खरा भरा. ‘शुगर लिहू नका, हप्ता वाढेल’ असे सांगणारा एजंट क्लेमच्या दिवशी फोन उचलत नाही. आजार लपवला असे निघाले, तर कंपनी क्लेम नाकारू शकते आणि पॉलिसीही रद्द करू शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर लपवल्याच्या कारणाने क्लेम अडवता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही संरक्षण नाही. फॉर्म एजंटला भरू दिलात, तरी सही करण्याआधी मुलाकडून किंवा नातवाकडून प्रत्येक ओळ वाचून घ्या. खरे सांगणे ही आपल्या दीनची शिकवण आहे, आणि इथे आपल्याच फायद्याची आहे.

को-पे आणि खोलीची मर्यादा पाहा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत अनेकदा २० टक्के को-पे असतो. म्हणजे २ लाखांच्या बिलात ४० हजार आपले. खोलीचे भाडे दिवसाला ५ हजारांपर्यंत मंजूर असताना १० हजारांची खोली घेतली, तर फक्त भाड्याचा फरक नाही, त्या खोलीशी जोडलेले इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात.

सुपर टॉप-अप म्हणजे काय? ही वरची पॉलिसी असते. ठरलेल्या रकमेपर्यंत आपण किंवा दुसरी पॉलिसी भरते, त्यावरचा खर्च ही भरते. म्हणून हप्ता कमी असतो. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यात फरक आहे. समजा ५ लाखांच्या वरची पॉलिसी आहे आणि वर्षात दोनदा दाखल व्हावे लागले, ३ लाख आणि ४ लाख. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरते, ७ लाख होतात, वरचे २ लाख देते. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे धरतो, दोन्ही ५ लाखांच्या आत, म्हणून काहीच देत नाही. घेताना ‘सुपर’ हा शब्द पाहा. सरकारी योजनेतून झालेला उपचार खालच्या ५ लाखांत धरणार का, हे कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

मुलाच्या कंपनीची गट पॉलिसी. अनेक घरांत आई-वडिलांचे नाव मुलाच्या ऑफिसच्या पॉलिसीत असते. नोकरी गेली की ती जाते. नोकरी सोडण्याआधीच त्या विमा कंपनीला विचारून वैयक्तिक पॉलिसीत बदल करून घ्या. तसे केल्यास थांबण्याचा जेवढा काळ पूर्ण झाला आहे तो मोजला जातो. एका कंपनीतून दुसरीकडे जायचे असेल, तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा. आणि हप्त्याची तारीख चुकवू नका. सवलतीचे दिवस उलटले की सगळी वर्षे पुन्हा शून्यापासून सुरू होतात.

दीनी बाजू. व्यापारी विम्यात रिबा आणि गरर येतो, म्हणून अनेक उलमा तो जायज मानत नाहीत. ओआयसीच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा नाकारून सहकारी, परस्पर मदतीच्या पद्धतीला मान्यता दिली. परदेशात तकाफुल त्याच धर्तीवर चालतो. भारतात त्यासाठी वेगळी परवाना व्यवस्था नाही. खासगी पॉलिसी घ्यावी की नाही, हे आपल्या विश्वासातील मुफ्ती साहेबांना आपली परिस्थिती सांगून विचारा. पण या प्रश्नामुळे वय वंदना आणि महात्मा फुले योजना बाजूला ठेवू नका. तिथे आपण कोणताही हप्ता भरत नाही.

५. दवाखान्यात पोहोचल्यावर

संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. आधी त्यांना भेटा, पैसे भरू नका. आधार, रेशन कार्ड आणि वय वंदना कार्ड तिन्ही दाखवा. कोणती योजना या उपचाराला लागू पडते, ते तेच सांगतील आणि मंजुरीचा अर्ज पाठवतील. तातडीच्या वेळी आधी दाखल करून फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, कागद नंतर देता येतात. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी वेगळे पैसे मागितले, तर पावती मागा आणि हेल्पलाइनला फोन करा.

खासगी पॉलिसीत कॅशलेसचा निर्णय कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे.

६. नाकारले तर कुठे जायचे?

• आयुष्मान: १४५५५. महात्मा फुले: १५५३८८. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.
• त्याने काम झाले नाही, तर जिल्हा पातळीवरच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करा. पालघर जिल्ह्यासाठी त्याचा पत्ता म्हणजे कोळगावचे जिल्हा मुख्यालय. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे अशा कामांसाठी आता ठाण्याला जावे लागत नाही. अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्या.
• खासगी पॉलिसी: आधी कंपनीकडे लेखी तक्रार. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे ऐकले जातात. आयआरडीएआयचा मदत क्रमांक १५५२५५.

७. या आठवड्यात करायची कामे

१. घरातील साठीपुढील प्रत्येकाचे नाव, आधारवरील जन्मतारीख आणि आधारला जोडलेला मोबाईल एका कागदावर लिहा.
२. सत्तर पूर्ण झालेल्यांचे वय वंदना कार्ड काढा. जुने आयुष्मान कार्ड असले तरी.
३. प्रत्येक बुजुर्गाचे नाव कुठल्या तरी रेशन कार्डावर आहे ना, हे पाहा. विधवा आई आणि एकट्या राहणाऱ्या नातेवाइकांचे आधी.
४. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचा ईएसआयसी क्रमांक शोधा.
५. सर्व कागदांच्या प्रती एका पिशवीत ठेवा आणि ती कुठे आहे, हे घरातील दोघांना तरी सांगा. एक जण घरी राहणारा असावा.

मोहल्ल्यात एखादे बुजुर्ग जोडपे एकटे राहत असेल, मुले बाहेर असतील, तर त्यांचे काम आपल्या घरच्यांबरोबरच करून द्या. एक आधार आणि एक मोबाईल असला की ॲपवर फार वेळ लागत नाही. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात दोन-तीन तरुण फोन घेऊन बसले, तर एका दुपारीत कितीतरी घरांचे काम होऊ शकते.